पहिला प्रश्न वहिनींचा

व्याख्यान संपल्यावर सभागृहात जी शांतता पसरते, तिची आमच्या वेम्बलीच्या मराठी मंडळाला मोठी धास्ती आहे. वक्ते पुण्याहून किंवा मुंबईहून आलेले असतात. ते तासभर बोलतात, टाळ्या होतात, अध्यक्ष विचारतात, "कुणाला काही प्रश्न?" आणि सगळे चहाच्या टेबलाकडे बघू लागतात. ही शांतता म्हणजे पाहुण्यांचा अपमान, असे मंडळात मानले जाते. म्हणून पहिला प्रश्न पेरलेला असतो. व्याख्यानमाला माझी बायको चालवते. वक्त्यांशी आधी फोनवर बोलून, ज्याचे उत्तर त्यांना नक्की देता येईल असा एक प्रश्न ती तयार करते आणि वेम्बलीच्याच एका वहिनींना देते. वहिनींचा आवाज खणखणीत आहे आणि माइक हातात घ्यायला त्यांना संकोच वाटत नाही. पहिला प्रश्न वहिनींचा, हे इतके ठरून गेले आहे की एकदा त्या भारतात गेल्या होत्या तेव्हा व्याख्यान पुढे ढकलावे लागले.

या पद्धतीने आजवर कोणाचे नुकसान झालेले नाही. एका शनिवारी मात्र ते होता होता राहिले.

माझ्या बायकोची भाची, तिच्या धाकट्या भावाची मुलगी, हॅरोला जन्मली आणि वाढली. विद्यापीठातून बाहेर पडल्यावर तिने ऑडिटच्या ऑफिसात काही वर्षे काम केले. मग एके दिवशी राजीनामा दिला आणि टूर गाइडच्या अभ्यासक्रमाला नाव घातले. तिच्या वडिलांना हे पटले नाही. "लोकांना छत्री दाखवत फिरण्यासाठी ऑडिट सोडलंस?" हे त्यांचे वाक्य कुटुंबात सगळ्यांना पाठ झाले. ती उत्तर द्यायची, "बाबा, छत्री नाही, फ्लॅग." त्याने परिस्थिती सुधारत नसे.

अभ्यासक्रमाच्या शेवटी एक प्रात्यक्षिक परीक्षा असते. उमेदवाराने खऱ्या प्रवाशांना घेऊन दिवसभर फिरायचे, आणि परीक्षकाने सोबत राहून बघायचे. भाचीने विषय घेतला होता लंडनमधल्या चिनी खुणा. ठिकाणे तीन होती. पूर्वेला गोदीजवळ लाइमहाउस, जिथे शहरातली पहिली चिनी वस्ती होती. मध्यभागी सोहोतले आजचे चायनाटाऊन. आणि पश्चिमेला क्यूच्या बागेतला पॅगोडा, जो एका राजघराण्यातल्या बाईसाठी अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी बांधला गेला.

पहिल्या वेळी ती नापास झाली. कारण साधे होते. पॅगोड्यापाशी एका प्रवाशाने विचारले, छपरांच्या कोपऱ्यांवरचे जुने ड्रॅगन कुठे गेले? तिने सांगितले की ते सोन्याचे होते आणि राजाचे कर्ज फेडायला विकले. ही गोष्ट लंडनमध्ये सर्रास सांगितली जाते. तिला पुरावा नाही. ड्रॅगन लाकडाचे होते, आणि ते कुजल्यामुळे काढले असावेत, हे जास्त शक्य आहे. परीक्षकाने पुढचा प्रश्न विचारल्यावर ती आणखी खोलात गेली आणि विकत घेणाऱ्याचाही अंदाज सांगून बसली. निकालात एकच शेरा होता: माहीत नसेल तेव्हा ही उमेदवार रचून सांगते.

दुसरी संधी शेवटची होती. वडील आणि मुलीत एक करार झाला. यावेळीही नापास झाली तर तिने ऑडिटमध्ये परत जायचे. जुन्या ऑफिसातल्या मॅनेजरने तिची जागा त्या महिनाअखेरीपर्यंत रिकामी ठेवली होती. भाचीने होकार दिला, आणि दिलेला शब्द ती पाळते.

सराव ती आमच्या स्टॅनमोरच्या घरी करायची. बैठकीच्या खोलीत टीव्हीपुढे उभी राहून ती पॅगोडा दाखवायची आणि बायको सोफ्यावर बसून प्रवासी व्हायची. त्यामुळे भाचीला काय येते आणि काय येत नाही याची बायकोला पुरेपूर कल्पना होती. परीक्षेत प्रवाशांच्या प्रश्नांना उमेदवार कशी सामोरी जाते यालाही गुण असतात, हे तिने तेव्हाच ऐकले.

प्रवासी उमेदवाराने स्वतः आणायचे होते. भाचीच्या मैत्रिणी कामात होत्या, म्हणून मंडळाच्या ज्येष्ठांना बोलावले. शनिवारी सकाळी आम्ही सगळे एम्बँकमेंट स्टेशनच्या बाहेर नदीकडच्या बाजूला जमलो. वहिनी होत्या, हॅरोचे एक निवृत्त डॉक्टर होते, आणखी काही जोडपी होती आणि इल्फर्डहून आलेले भाऊ होते. भाऊ निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनियर. बाबासाहेबांच्या विचारांचे, इल्फर्डच्या बुद्धविहारात दर रविवारी जाणारे. मंडळात ते क्वचित येतात. आले की मागच्या खुर्चीवर बसतात आणि पेरलेला प्रश्न ऐकून हसतात.

परीक्षक बाई मूळच्या यॉर्कशरच्या होत्या. पायात चालायचे जाड बूट, बोलणे कमी. आल्या आल्या त्यांनी भाचीला सांगितले, "मार्ग उलटा करा. क्यू आधी, लाइमहाउस शेवटी." हा परीक्षेचाच भाग होता. आयत्या वेळी बदल झाला तर उमेदवार गोंधळते का, ते त्यांना बघायचे होते.

भाची गोंधळली नाही. तिने छोटा केशरी झेंडा वर केला आणि सगळ्यांना डिस्ट्रिक्ट लाइनच्या पश्चिमेकडच्या प्लॅटफॉर्मवर नेले.

चेहरा उतरला तो माझ्या बायकोचा. ट्रेनमध्ये ती परीक्षक बाईंच्या शेजारी अडकली होती आणि दूर बसलेल्या वहिनींकडे पाहून भुवया उंचावत होती. वहिनींनी हात हलवून प्रतिसाद दिला. मी भाऊंशेजारी बसलो होतो. त्यांना विचारले, काय चालले आहे?

"तुम्हाला माहीत नाही?" भाऊ म्हणाले. "तुमच्या मिसेसनी प्रश्न वाटलेत. पहिला वहिनींना, दुसरा डॉक्टरांना, असे पुढे. क्रम चुकवू नका म्हणाल्यात. लाइमहाउसपासून सुरुवात धरून बसवलेत सगळे."

"तुम्हाला कुठला दिला?"

"मला देत होत्या. मी म्हटलं, ताई, मला विचारावंसं वाटलं तर मी विचारीन. नाहीतर नाही." ते हसले. "आता हे लोक क्रम पाळणार बघा. परीक्षेला पाठ केलेलं कोणी सोडतं का?"

क्यूचा पॅगोडा बागेच्या अगदी टोकाला आहे. दोन्ही बाजूंना झाडे आणि मध्ये लांब हिरवळ, तिच्या शेवटी तो दिसत राहतो आणि बराच वेळ जवळ येत नाही. अष्टकोनी, विटांचा, वर जाता जाता निमुळता. प्रत्येक छपराच्या कोपऱ्यांवर रंगीत ड्रॅगन. काही वर्षांपूर्वी ते नव्याने बसवले. खालचे लाकडात कोरलेले, वरचे वजनाला हलके आणि थ्री-डी प्रिंटरवर छापलेले. भाचीने सगळ्यांना उन्हाकडे पाठ करून उभे केले, आणि सुरुवात सोन्याच्या गोष्टीनेच केली. "ही गोष्ट तुम्हाला लंडनमध्ये बरेच जण सांगतील," ती इंग्रजीत म्हणाली, "मीसुद्धा एकदा सांगितली आहे. तिला पुरावा नाही." मग तिने महायुद्धातली हकीकत सांगितली. पॅगोड्याच्या प्रत्येक मजल्याच्या जमिनीला भोक पाडले होते आणि वरून बॉम्बच्या प्रतिकृती खाली सोडून त्या कशा पडतात ते तपासत होते. भोके कुठे होती हे तिने हाताने दाखवले. लोक मान वर करून बघत होते. परीक्षक बाईसुद्धा बघत होत्या.

"काही प्रश्न?" भाचीने विचारले.

"येस," वहिनी खणखणीत आवाजात म्हणाल्या. "इथे अफूचे अड्डे होते का?"

शेजारी एक इंग्लिश कुटुंब लहान मुलाला केळे भरवत होते. त्यांनी हिरवळीकडे नव्याने पाहिले.

"बागेत नव्हते," भाची म्हणाली. "तुम्ही ज्या भागाबद्दल विचारताय तिथे आपण दुपारनंतर जाऊ. तिथे मला आठवण करून द्या."

उत्तर चांगले होते. पण वहिनींचे झाले म्हणजे आता आपली पाळी, असे डॉक्टरांना वाटले. ते घसा साफ करून पुढे आले. "या रस्त्यांना पेकिन, कँटन अशी चिनी शहरांची नावे कुणी दिली?"

आजूबाजूला एकही रस्ता नव्हता. एक बदक होते.

डॉक्टरांच्या मागच्या बाईंनी तोंड उघडले तेव्हा माझ्या बायकोने त्यांची बाही ओढली. परीक्षक बाईंनी ते पाहिले. त्या भाचीला घेऊन चार पावले बाजूला गेल्या. मी त्यांच्या सगळ्यात जवळ होतो, त्यामुळे बोलणे ऐकू आले.

"तुमच्या प्रवाशांना तुम्ही प्रश्न देऊन ठेवलेत का?"

"नाही."

"मग हे काय आहे?"

"मला माहीत नाही," भाची म्हणाली.

"हे सिद्ध झालं तर मला परीक्षा इथेच थांबवावी लागेल. तुम्हाला नियम माहीत आहे."

भाची वळली. तिने प्रवाशांकडे पाहिले, मग थेट आत्याकडे. झेंडा खाली आला होता. "आत्या, तू असं का केला?" ती मराठीत म्हणाली. एरवी तिच्या असल्या मराठीवर कोणीतरी हटकून हसते. तेव्हा कोणी हसले नाही.

माझी बायको पुढे झाली आणि परीक्षक बाईंसमोर उभी राहिली. मला तिच्याबद्दल जे काही माहीत आहे त्यात हे बसत होते. चूक झाली की ती मागच्या रांगेत जात नाही. तिने इंग्रजीत, एकही शब्द न गाळता, व्याख्यानमालेची पद्धत सांगितली. शांततेची भीती, पहिला प्रश्न, वहिनी, सगळे. "मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. तिने तुम्हाला जे उत्तर दिलं ते खरं आहे. आम्ही गेली कित्येक वर्षं पाहुण्यांना असंच वाचवतो. ही पाहुणी नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

परीक्षक बाईंनी विचारले, "तुमच्याकडे लोक गप्प बसले तर वक्त्याला राग येतो?"

"वक्त्याला नाही येत," बायको म्हणाली. "आम्हालाच लाज वाटते."

बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "परीक्षेआधी प्रवाशांकडून सही-शिक्क्यानिशी शपथ घेण्याची सोय आमच्याकडे नाही." त्या विनोद करत आहेत हे आम्हाला उशिरा कळले. "परीक्षा चालू राहील. ठरवलेला एकही प्रश्न यापुढे नको. तुम्ही स्वतः," त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिले, "दिवस संपेपर्यंत काहीही विचारायचं नाही. आणि कुणाच्या बाह्या ओढायच्या नाहीत."

त्यानंतर जे व्हायचे तेच झाले. कोणी बोलेना. ज्या शांततेला मंडळ भिते ती आता हिरवळीवर उभी होती. भाचीने पुन्हा विचारले, "काही प्रश्न?" डॉक्टर बुटांच्या नाड्या बघत होते.

भाऊ एवढा वेळ गटात नव्हतेच. ते पॅगोड्याभोवती चालत होते, त्याला उजव्या हाताला ठेवून, सावकाश. एक फेरी पूर्ण करून ते परत आले.

"दहा मजले आहेत," ते म्हणाले. "मी पुन्हा मोजले. पॅगोड्याला विषम मजले असतात. सात, नऊ, तेरा. मी चीनमध्ये पाहिलेत, जपानमध्येही पाहिलेत. हा दहाचा का?"

प्रश्न खरा होता. वहिनींनी माझ्या बायकोकडे संशयाने पाहिले. तिने मान हलवली.

भाचीला उत्तर येत नव्हते. ते तिच्या चेहऱ्यावर दिसले आणि तिने ते लपवले नाही. "विषम असतात हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "इथे सम का, ते मला माहीत नाही. ज्याने तो बांधला तो तरुणपणी व्यापाराच्या जहाजावर चीनला गेला होता, म्हणजे त्याने खरे पाहिले असणार. यापुढे मी जे बोलेन तो अंदाज असेल, म्हणून बोलत नाही. शोधून तुम्हाला सांगेन." मग तिने विचारले, "काका, तुम्ही फेरी का मारलीत?"

"सवय," भाऊ म्हणाले. "ही बागेतली शोभेची वस्तू आहे, यात बुद्धांचं काही नाही, हे मला समजतं. पण आकार ओळखीचा आहे. स्तूपाला अशीच प्रदक्षिणा घालतात. आपल्याकडून तिकडे गेला तो स्तूप, तिकडे उंच झाला, आणि मग इथे आला."

"मग आपण सगळेच फेरी मारू," भाची म्हणाली. "याच बाजूने." आणि चालता चालता तिने तोच धागा उचलला. स्तूप भारतातून चीनला कसा गेला आणि त्याचा मनोरा कसा झाला. इथे येईपर्यंत त्यातून बुद्ध, अस्थी, भिक्खू सगळे गळून पडले आणि फक्त रूप उरले. हे तिच्या सरावात नव्हते. आमच्या बैठकीच्या खोलीत पॅगोड्याला मागची बाजू नव्हती.

सोहोत पोहोचेपर्यंत दुपार झाली. कमानीखाली गर्दी होती. भाचीने टोफूचे पदार्थ मिळणारे एक हॉटेल आधीच बघून ठेवले होते. वहिनींनी ते खाल्ले आणि पिशवीतून मेथीचे पराठेही काढले. "असू देत, मध्येच भूक लागते," असे म्हणून त्यांनी एक परीक्षक बाईंच्या ताटलीत ठेवला. बाईंनी नाही म्हटले. वहिनींनी दुसरा ठेवला. आग्रहाबद्दल परीक्षेच्या नियमांत काही नसावे, कारण बाईंनी दोन्ही खाल्ले.

दगडी सिंहांपाशी भाचीने सांगितले की ज्याच्या पंजाखाली चेंडू असतो तो नर आणि जिच्या पंजाखाली पिल्लू असते ती मादी. ज्या बाईंच्या वाट्याला हाच प्रश्न आला होता त्या ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या. "न विचारताच सांगितलं हो तिने," त्या नंतर माझ्याजवळ हळहळल्या. "आठवडाभर पाठ केला होता."

शेवटचे ठिकाण, लाइमहाउस, सगळ्यात अवघड होते. वेस्टफेरी स्टेशनातून बाहेर पडले की एका उंच खांबावर धातूचे दोन ड्रॅगन एकमेकांत गुंतलेले दिसतात. ते अलीकडचे आहेत. त्यापलीकडे कौन्सिलची, म्हणजे पालिकेची घरे, एक पब, पार्क केलेल्या गाड्या. चिनी वस्तीचे इथे बघण्यासारखे काही उरलेले नाही. उरली आहेत ती रस्त्यांची नावे: मिंग, पेकिन, कँटन. जिथे काहीच नाही तिथे गटाला उभे करून पाय दुखत असताना ऐकायला लावायचे, हे गाइडचे खरे काम असते. पेरलेल्या प्रश्नांतले बहुतेक याच जागेसाठी होते. माझ्या बायकोने इथेच मुलीला हात द्यायचे ठरवले होते, आणि आता ती गटाच्या टोकाला हाताची घडी घालून उभी होती.

भाची बोलू लागली. जहाजांवर भट्टीत कोळसा टाकणारे चिनी खलाशी इथे उतरत आणि परतीचे जहाज मिळेपर्यंत राहत. काही कायमचेच राहिले. त्यांनी खानावळी काढल्या, किराणा काढला, लॉन्ड्र्या काढल्या. अफूची घरे थोडी होती आणि वर्तमानपत्रांत फार होती. माझ्यासारख्या वर्तमानपत्रांत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वाक्य खोटे म्हणता येत नाही. बोलता बोलता तिने कौन्सिलच्या एका इमारतीकडे बोट केले आणि तिथे दुकान कसे असेल ते सांगितले. पाटी, काउंटर, मागे इस्त्रीचे टेबल. डॉक्टरांनी त्या इमारतीकडे पाहिले. ते खरेच बघत होते.

मग ती थांबली. "काही प्रश्न?"

कोणी बोलले नाही. एक बस गेली. शांतता व्याख्यानमालेत टिकते त्याहून जास्त टिकली. माझ्या बायकोने डोळे मिटून घेतले. भाची मात्र वाट बघत उभी राहिली. तिने शांतता भरून काढायला काही सांगितले नाही, झेंडा हलवला नाही.

"अगं," वहिनी म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा खाली होता आणि त्या मराठीत बोलत होत्या. "मग ते गेले कुठे?"

भाचीने प्रश्न परीक्षक बाईंसाठी इंग्रजीत सांगितला आणि उत्तरही इंग्रजीत दिले. गोदीतले काम कमी झाले. युद्धात बॉम्ब पडले. उरलेली घरे कौन्सिलने पाडली. घरोघरी कपडे धुण्याची यंत्रे आली आणि लॉन्ड्र्या बंद पडल्या. काही जण सोहोत गेले आणि हॉटेलांत लागले. त्यांची मुले शाळेत शिकली आणि गावाबाहेर मोठ्या घरांत गेली. "वेम्बलीहून लोक स्टॅनमोरला जातात तसे," ती म्हणाली.

वहिनींनी यावर विचार केला. त्यांचा मुलगा आदल्या वर्षी पिनरला मोठ्या घरात राहायला गेला होता आणि त्यांनाही तिकडे बोलावत होता. "म्हणजे वेम्बलीतल्या आपल्या दुकानांचं, ईलिंग रोडचंही असंच होणार? नुसतं नाव राहणार?"

"मला माहीत नाही," भाची म्हणाली. मग मराठीत, "खरंच माहीत नाही, वहिनी. तुम्ही गेलात तर मला सांगा. मी तिथे टूर काढेन."

वहिनी हसल्या आणि मग सगळेच बोलू लागले. भाऊंनी घरे कसल्या विटांची होती ते विचारले. डॉक्टरांनी त्या लोकांना डॉक्टर मिळत होता का ते विचारले. सिंहाचा प्रश्न हुकलेल्या बाईंनी त्या खलाशांच्या बायका कुठल्या होत्या ते विचारले, आणि बऱ्याच जणांच्या बायका इथल्याच गोऱ्या होत्या हे कळल्यावर पुढचे तीन प्रश्नही त्यांनीच विचारले. काहींची उत्तरे भाचीला आली, काहींची नाही. न येणाऱ्यांना ती "माहीत नाही" म्हणत गेली, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी ते म्हणताना ती अगदी निवांत दिसत होती. शेवटी परीक्षक बाईंनीच घड्याळ दाखवून थांबवले.

निकाल पुढच्या आठवड्यात आला. ती पास झाली. कुटुंबाच्या ग्रुपवर तिने तो एका शब्दात कळवला. त्याखाली वडिलांचा अंगठा आला आणि दुसरे काही नाही. महिनाअखेरीला जुन्या ऑफिसात तिची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

वसंत ऋतूत तिने लाइमहाउसची पहिली स्वतःची फेरी काढली. जाहीर, कोणालाही येता येईल अशी. गटात कॅनडाचे एक जोडपे होते, काही विद्यार्थी होते, भाऊ होते. भाऊंनी दहा मजल्यांबद्दल अजून काही सापडले का ते विचारले आणि अजून नाही हे ऐकून मान डोलावली. आम्ही दोघे होतो. आणि तिचे वडील आले होते. त्यांना कोणी बोलावले होते की नाही हे मला आजही माहीत नाही. ते सगळ्यांच्या मागे, कोटाच्या खिशात हात घालून उभे होते, आणि केशरी झेंड्याकडे बघत होते.

भाचीने खलाशी सांगितले, खानावळी सांगितल्या, लॉन्ड्र्या सांगितल्या. कौन्सिलच्या इमारतीत पाटी, काउंटर आणि इस्त्रीचे टेबल उभे केले. मग विचारले, "काही प्रश्न?"

शांतता पसरली. बस गेली. भाची वाट बघत राहिली.

"एक विचारायचं होतं," मागून तिचे वडील इंग्रजीत म्हणाले. सगळे वळले. इतक्या लोकांनी आपल्याकडे बघावे याची त्यांना सवय नव्हती. "लॉन्ड्री चालवायची म्हणजे रोजचे ढीगभर कपडे. इथे तर ऊन पडत नाही, सारखा पाऊस. मग ते लोक कपडे वाळवायचे कुठे?"

भाचीने उत्तर देण्याआधी आत्याकडे पाहिले.

माझ्या बायकोने दोन्ही हात वर केले. "मी नाही," ती म्हणाली. "शपथ. मी काही सांगितलेलं नाही."